जुनं मिनी पोकलेन घ्यायचं आहे, पण डावी चेन मागे पडते

प्रश्न: घराभोवती उताराची मोठी जागा आहे. पावसाचं पाणी वाहून नेणारे चर, एक छोटं तळं, झाडांसाठी खड्डे आणि पुढे जमलं तर संरक्षक भिंतीचा पाया, एवढी कामं आहेत. दरवेळी यंत्र भाड्याने आणण्यापेक्षा जुनं मिनी पोकलेन घेऊन स्वतः दुरुस्त करावं, असं मनात आहे. दीड टनाचं, पंचवीसेक वर्षांचं एक यंत्र पाहिलं. मीटरवर ३,९०० तास आहेत आणि रंग नवा आहे. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं. चढावर डावी चेन मागे पडते. बूम, म्हणजे यंत्राचा मुख्य हात, उचलून ठेवला की हळूहळू खाली येतो. बकेट हाताने हलवली तरी खडखडते. मोटारसायकल आणि पाण्याचे पंप खोलायची सवय आहे, वेल्डिंग जमतं, पण हायड्रॉलिकचं काम कधी केलेलं नाही. हे यंत्र घ्यावं का? घेतलं तर कुठून सुरुवात करू?
– एक वाचक

उत्तर:

नमस्कार.

तीनपैकी दोन दोषांना घाबरायचं कारण नाही. बूम उतरणं आणि बकेट खडखडणं या वयाच्या बहुतेक यंत्रांत आढळतं आणि दोन्ही दुरुस्त्या तुमच्या हाताबाहेरच्या नाहीत. खरा प्रश्न डाव्या चेनचा आहे. त्यामागे अति ताणलेली चेन असू शकते, एखादं रबरी सील असू शकतं, किंवा ट्रॅव्हल मोटर, म्हणजे चेन फिरवणारी हायड्रॉलिक मोटर, पूर्ण झिजलेली असू शकते. पहिल्यावर ग्रीस सोडण्यापलीकडे काही करावं लागत नाही, शेवटच्यावर यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. हे कारण विकत घेण्याआधी अर्ध्या दिवसात शोधता येतं. विक्रेता तेवढा वेळ देत नसेल तर बयाणा देऊ नका.

आकार तुम्ही बरोबर निवडला आहे. दीड टनाचं यंत्र साधारण २.२ ते २.४ मीटर खोल खणतं, रुंदीला एक मीटरच्या आसपास असतं, म्हणून फाटकातून आणि झाडांमधून जातं. कठीण, दगडी जमिनीत मात्र त्याची ताकद कमी पडते. चर आणि तळं होईल, खडक फुटणार नाही.

पुन्हा बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं, हे आधीच सांगून ठेवा आणि पोचल्यावर पहिला हात सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर ठेवा. तो कोमट लागला तर थांबा, थंड होऊ द्या. गरम डिझेल इंजिन झिजलेलं असलं तरी सहज चालू होतं, दोष थंडपणीच बाहेर येतात. हीटर प्लगचा ठरलेला वेळ दिल्यावर काही सेकंदांत इंजिन उठायला हवं. सुरुवातीचा पांढरा धूर मिनिटभरात विरला तर ठीक. निळा धूर गरम झाल्यावरही येत राहिला तर इंजिन तेल जाळतं आहे. मग तेल भरायचं झाकण सोडवून भोकावर उलटं ठेवा. ते किंचित थरथरेल, पण उडून पडत असेल किंवा भोकातून धुराचे झोत येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा आणि लायनर गेलेत. शंका आली तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. या वर्गातल्या अनेक यंत्रांत कुबोटाची तीन सिलिंडरची लहान इंजिनं असतात. त्यांच्यात दर सिलिंडरला २९ ते ३३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवं, २३ च्या खाली गेलं तर इंजिन उघडायची वेळ आली आहे. सिलिंडरांमधला फरकही १० टक्क्यांच्या आत हवा.

इंजिनाबद्दल एवढं पुरे. जुन्या मिनी पोकलेनमध्ये इंजिन क्वचितच खिसा रिकामा करतं. पैसा जातो तो हायड्रॉलिकमध्ये, चेनखालच्या सांगाड्यात आणि पिना-बुशांत, म्हणून पाहणीचा वेळही तिथेच घालवायचा.

नव्या रंगावर भाळू नका, त्याच्या आरपार बघा. बूमचा पायथा, बूम डावी-उजवीकडे फिरवणारा पुढचा स्विंग पोस्ट, आर्म (बूमपुढचा, बकेट धरणारा हात) आणि बूमचा सांधा, डोझर ब्लेडचे कान या ठिकाणी वेल्डिंगच्या कडेने तांबूस रेघ दिसते का पाहा. रंग कितीही ताजा असो, तडा आतून गंजतो आणि रेघ वर येते. आधी केलेलं जाडजूड, ओबडधोबड वेल्डिंग दिसलं तर तिथे तडा पुन्हा जाणार हे धरून चला. मीटरवरच्या ३,९०० तासांवरही एकदम विश्वास नको, मीटर बंद पडतो किंवा बदलला जातो. पेडलचं रबर, लिव्हरच्या मुठी, सीटखालचा पत्रा आणि स्प्रॉकेटचे दात यांची झीज एकमेकांशी जुळते का ते बघा. दात टोकदार, एका बाजूला झुकलेले असतील तर यंत्र भरपूर फिरलेलं आहे.

स्लूइंग बेअरिंग, म्हणजे वरचा भाग ज्यावर गोल फिरतो ते मोठं बेअरिंग, नक्की तपासा. आर्म पूर्ण लांबवून बकेट जमिनीपासून जरा वर धरा आणि समोरच्या बाजूला वरचा सांगाडा व खालची चौकट यांच्यातलं अंतर मोजा. मग बकेट जमिनीवर दाबून यंत्राचा पुढचा भाग थोडा उचला आणि त्याच जागी पुन्हा मोजा. फरक एखाद्या मिलिमीटरचा असेल तर चालेल. दोन मिलिमीटरच्या पुढे गेला, किंवा फिरताना कट-कट आवाज येऊन झटका बसत असेल, तर हे यंत्र सोडून द्या. ते बेअरिंग बदलायला वरचा सगळा भाग क्रेनने उचलावा लागतो.

हायड्रॉलिक तेलाचा नमुना काचेच्या बाटलीत घ्या. यंत्र नुकतंच चाललेलं असेल तर तेल फेसाने धुरकट दिसेल, तासाभरात निवळेल. निवळलंच नाही, दुधाळ राहिलं, तर त्यात पाणी आहे. खात्रीसाठी गरम तव्यावर एक थेंब टाका, पाणी असेल तर तडतडतं. पाणी मिसळलेल्या तेलावर बराच काळ चाललेला पंप आतून गंजलेला आणि झिजलेला निघतो, आणि पाहणीच्या दिवशी ते कळत नाही.

आता डावी चेन.

आधी सोप्या गोष्टी. चेन जास्त ताणलेली आहे का, स्प्रॉकेटजवळ चिखल-दगड ठासलेत का, एखादा रोलर जाम आहे का? बूम आणि ब्लेडच्या आधाराने डावी बाजू जमिनीवरून उचला आणि चौकटीखाली भक्कम ठोकळे लावा. मधल्या रोलरच्या तळापासून रबरी चेनच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत झोळ मोजा. मॅन्युअलमध्ये आकडा असतो, या आकारात तो बहुधा १० ते १५ मिमी असतो. जास्त ताणलेली चेन मोटरची ताकद खाते. ताण कमी करायचा तर सांगाड्यावरच्या टेन्शनरचा ग्रीस व्हॉल्व्ह एक वळसाच सोडवा आणि चेहरा बाजूला ठेवा. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. व्हॉल्व्ह पूर्ण काढला तर तो गोळीसारखा सुटतो.

चेन ठीक असेल तर तेल गरम करून, एकेक बाजू हवेत धरून, इंजिनाचा वेग तोच ठेवून स्प्रॉकेटचे दहा फेरे किती सेकंदांत होतात ते दोन्ही बाजूंना मोजा. पुढे, मागे, हळू गतीत, जलद गतीत, सगळं लिहून ठेवा. या आकड्यांतून बरंच उलगडतं.

डावी बाजू हवेत उजवीपेक्षा जलद फिरते आणि तरीही चढावर दम टाकते, असं दिसलं तर मोटरचा दोन गतींचा स्पूल, म्हणजे सरकून तेलाची वाट बदलणारा दांडा, जलद बाजूला अडकलेला असण्याची शक्यता मोठी. जलद गतीत जोर कमी असतो. अडकलेला स्पूल साफ करून सुटतो, मोटर बदलावी लागत नाही.

फक्त पुढे किंवा फक्त मागे कमजोर असेल तर त्या दिशेचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा), कंट्रोल व्हॉल्व्हचा (लिव्हरने चालणारा) स्पूल किंवा सेंटर जॉइंटमधलं, म्हणजे फिरणाऱ्या वरच्या भागातून खाली तेल नेणाऱ्या सांध्यातलं, त्या वाटेचं सील बघायचं. दोन्ही दिशांना कमजोर असून तेल गरम होईल तसं आणखी ढिलं पडत असेल तर कुठेतरी आतल्या आत गळती आहे. ती पंपात आहे की पुढे, हे कळायला इतर हालचाली बघा. अशा यंत्रांत बहुधा दोन पंप एकेका चेनला आणि त्यासोबत बूम, आर्म वगैरे ठरावीक कामांना तेल देतात, आणि तिसरा छोटा गिअर पंप फिरणं व ब्लेड सांभाळतो. कोणतं काम कोणत्या पंपावर आहे हे तुमच्या मॉडेलच्या हायड्रॉलिक नकाशात मिळेल. डाव्या चेनच्या पंपावरची दुसरी कामंही मंद असतील तर संशय पंपावर. ती ठणठणीत असतील तर पंप निर्दोष आहे, दोष पुढे आहे.

मग होज अदलाबदल करा. इंजिन बंद, बकेट जमिनीवर, सगळे लिव्हर दोन-तीनदा हलवून उरलेला दाब सोडा, टाकीचं झाकण सावकाश उघडा. कंट्रोल व्हॉल्व्हवर डाव्या आणि उजव्या चेनच्या होजांच्या जोड्या आपसात बदला. आता डावा लिव्हर उजवी चेन चालवेल, हे लक्षात ठेवून मोकळ्या जागेत चाचणी घ्या. दोष उजव्या चेनकडे गेला तर तो व्हॉल्व्ह किंवा पंपात आहे. डावीकडेच राहिला तर तो सेंटर जॉइंटमध्ये किंवा मोटरमध्ये. या दोघांत निवड करायला डाव्या मोटरची केस ड्रेन, म्हणजे मोटरच्या आतली गळती टाकीकडे नेणारी बारीक नळी, सोडवून मोजपात्रात धरा. टाकीकडच्या टोकाला बूच लावा. चेन अडवून डावा लिव्हर काही सेकंद दाबून धरा, तेवढ्या वेळात किती तेल आलं ते लिहा. उजवीकडे तेच करा. डावीकडून उजवीच्या कितीतरी पट तेल येत असेल तर मोटर आतून झिजली आहे. दोन्ही सारखं येत असेल तर सेंटर जॉइंटची सीलं बघा. त्यांचा संच स्वस्त असतो, मेहनत तेवढी जास्त.

फायनल ड्राइव्हचं, म्हणजे मोटर आणि स्प्रॉकेट यांच्यामधल्या गिअरबॉक्सचं, तेल याच वेळी बघून टाका. स्प्रॉकेटच्या झाकणावरचे प्लग मॅन्युअलप्रमाणे फिरवून आणा, एक सर्वांत वर आणि एक मधल्या उंचीवर, आणि मधला सोडवा. आतलं तेल गिअर ऑइलसारखं दाट, काठापर्यंत हवं. पातळ तेल धारेने बाहेर आलं तर मोटरचं शाफ्ट सील फुटून हायड्रॉलिक तेल गिअरबॉक्समध्ये शिरलं आहे. नवं सील टाकण्याआधी केस ड्रेनची वाट आणि तिच्यावर जाळी असेल तर तीही साफ करा. ती तुंबली की केसमध्ये दाब वाढतो आणि नवं सीलही तसंच फुटतं. एकामागून एक सीलं बदलूनही गळती थांबत नाही, असं होतं ते याचमुळे.

चाचण्यांचा निकाल मोटर बाद असा आला, तर त्या मोटरची किंमत आधी काढा, मग सौदा करा. यंत्राच्या नंबर प्लेटवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक देऊन विचारा. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेली आणि जुनी म्हणून बाहेर आलेली काही मॉडेल्स इतर देशांतल्या विक्रेत्यांच्या पुस्तकात सापडत नाहीत. फिल्टर, सील किट आणि चेन मिळते का हे पैसे देण्याआधी कळलं पाहिजे. प्लेटवरचा क्रमांक मालकीच्या कागदांशी ताडून बघायला विसरू नका.

यंत्र घरी आणलंत असं धरू. पहिलं काम स्वच्छता. प्रेशर वॉशने सगळं धुवा, पण इलेक्ट्रिक जोड, एअर फिल्टरचं तोंड आणि टाकीचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) झाकून. हायड्रॉलिकमध्ये कचरा हाच मोठा शत्रू आहे. पंपातल्या फटी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात, तिथे डोळ्याला न दिसणारा वाळूचा कणही धातू खरवडतो. म्हणून उघडलेल्या प्रत्येक तोंडाला लगेच बूच लावायचं. चिंधी कोंबायची नाही, तिचे धागे आत जातात.

मग सगळी तेलं आणि फिल्टर. इंजिनाला १५डब्ल्यू-४०, फायनल ड्राइव्हला बहुधा एसएई ९० गिअर ऑइल, हायड्रॉलिकला बहुतेक हवामानात आयएसओ व्हीजी ४६, फार थंड भागात ३२. हायड्रॉलिक टाकीत तळाशी सक्शनची जाळी असते, ती काढून डिझेलमध्ये धुवा, फाटली असेल तर बदला. टाकीचा तळ हाताने पुसा, तिथली काळी साय आणि पितळी चकाकी बारकाईने पाहा. पितळी कण पिस्टन पंप किंवा मोटरमधून येतात. टाकी रिकामी केली तरी सिलिंडर आणि होजांमध्ये जुनं तेल उरतंच. जुनं तेल काळं असेल तर पाच-दहा तास चालवून ते पुन्हा बदलणं योग्य. तेल भरल्यावर पंपाच्या केसवरचा प्लग किंवा सक्शनचा जोड ढिला करून तिथून तेल येईपर्यंत हवा काढा आणि मगच इंजिन लावा. कोरडा फिरलेला पंप काही मिनिटांत बिघडतो. पातळी बघताना बूम, आर्म, ब्लेड स्टिकरवर दाखवलेल्या स्थितीतच हवेत, नाहीतर टाकी जास्त भरली जाते आणि ब्रीदरमधून वाहते.

इंजिनाकडे या टप्प्यावर थोडंच बघायचं आहे. डिझेल टाकी धुवा. इंजेक्टरच्या परतीच्या बारीक रबरी नळ्या आणि डिझेलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, चिरलेल्या नळ्या हवा घेतात आणि इंजिन मधूनच बंद पडतं. टॅपेट थंड इंजिनावर तपासा, कुबोटाच्या त्या लहान इंजिनांना ०.१४५ ते ०.१८५ मिमी फट लागते. रेडिएटरच्या जाळ्या इंजिनाच्या बाजूने हवा मारून साफ करा. हीटर प्लग एकेक सोडवून मल्टिमीटरवर बघा, १२ व्होल्टचा चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही.

बूम उतरण्याचं कारण सिलिंडरमध्ये आहे की व्हॉल्व्हमध्ये, ते आधी ठरवा. तेल गरम असताना बूम उचलून आर्म लांब ठेवा, इंजिन बंद करा, रॉडवर टेप लावून १० मिनिटांत तो किती सरकला ते मोजा. मर्यादा मॅन्युअलमध्ये मिळेल. मग बूम शेवटच्या टोकापर्यंत उचला आणि त्याखाली वजन पेलणारा पक्का टेकू लावा. टेकूशिवाय पुढचं काही करायचं नाही. इंजिन बंद, दाब सोडा, सिलिंडरच्या रॉडकडचा होज काढा, होजला बूच लावा, सिलिंडरचं तोंड उघडं ठेवून खाली डबा ठेवा. इंजिन लावून बूम वर उचलायचा लिव्हर काही सेकंद धरा, बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं. उघड्या तोंडातून अखंड धार आली तर पिस्टनचं सील गेलं. दोन-चार थेंब आले तर सिलिंडर चांगला आहे, गळती कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून किंवा पोर्ट रिलीफमधून, म्हणजे त्या सिलिंडरच्या वाटेवरच्या रिलीफ व्हॉल्व्हमधून, होते आहे. बूम उचलायला जाताना आधी किंचित दबतो आणि मग वर जातो, असंही होत असेल तर लोड चेक व्हॉल्व्हवर, म्हणजे तेल उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेवर, कचरा बसलेला असतो. तो काढून साफ करा, बसायची जागा खरवडलेली आहे का पाहा.

सिलिंडर उघडताना रॉडवर नख फिरवून बघा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर नवं सीलही फार टिकणार नाही, रॉडवर पुन्हा हार्ड क्रोम करून घ्यावं लागेल. सिलिंडरच्या तोंडाचं झाकण (ग्लँड) सोडवायला हुक पाना लागतो, आधी त्याचा लॉक किंवा ग्रब स्क्रू शोधून काढा. पिस्टनचा नट फार घट्ट असतो, तो लेथवाल्याकडून सोडवून घेणं शहाणपणाचं. प्रत्येक जुन्या सीलचा फोटो जागेवर असतानाच काढा. यू आकाराच्या सीलचं तोंड दाबाकडे आणि वायपरची (रॉडवरची धूळ पुसणाऱ्या सीलची) धार बाहेर हवी, इथेच पहिल्यांदा काम करणाऱ्यांची गफलत होते. पिस्टनवरची कडक पांढरी रिंग ८० ते १०० अंशांच्या गरम तेलात मऊ करून हळूच ताणा आणि बसवल्यावर गोल पट्ट्याने आवळून काही मिनिटं ठेवा, म्हणजे ती मूळ आकाराला येते. सील चढवताना रॉडच्या चुड्यांवर (आट्यांवर) टेप गुंडाळा, नाहीतर धार कापली जाते. जोडल्यावर इंजिन हळू ठेवून पहिले दहा-पंधरा फेरे टोकापर्यंत न नेता मारा. आत अडकलेली हवा एकदम दाबली गेली तर तेलाच्या वाफेसह पेट घेते आणि नवं सील जळतं.

होज बदलावे लागतील, बहुतेक या वयात भेगाळलेले असतात. दोन तारांचा, म्हणजे आत पोलादी तारेच्या जाळीचे दोन थर असलेला, होज घ्या. ३/८ इंची दोन तारांचा होज ३३० बार कामाचा दाब सोसतो, या यंत्रांचा दाब त्याहून बराच कमी असतो. जोडाच्या टोकाकडे मात्र बारीक लक्ष द्या. जपानी जोडांच्या चुड्या बीएसपीशी तंतोतंत जुळू शकतात, पण आतला शंकू वेगळा असतो. पाना फिरतो, जोड आवळला जातो आणि दाब आला की गळतो. म्हणून मोजमाप सांगण्यापेक्षा जुना होज टोकांसकट सोबत न्या. आणि दाबाखालची बारीक गळती कधीच हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. सुईएवढ्या भोकातून सुटलेलं तेल कातडीत शिरतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि फारशी दुखतही नाही, तरी तासाभरातच हाताचं नुकसान सुरू होतं. असं झालं तर न थांबता रुग्णालयात जायचं आणि तेल दाबाने आत गेलं आहे हे स्पष्ट सांगायचं.

बकेटचा खडखडाट. पिना काढून व्हर्नियरने पिन तीन ठिकाणी आणि बुश दोन दिशांना मोजा. दीड टनाच्या यंत्रात बकेटची पिन साधारण २५ ते ३५ मिमी व्यासाची असते. पिन आणि बुश यांच्यात नव्यात ०.१ ते ०.३ मिमी फट असते, एक मिलिमीटरच्या पुढे गेली की काम करताना जाणवते. बुश गोल झिजला असेल तर बुश आणि पिन बदलून काम भागतं. बुश ज्या भोकात बसतो ते घरच लांबट झालं असेल तर नवा बुश त्यात धरणार नाही. तिथे लाइन बोरिंगवाल्याला बोलवून भोक वेल्डने भरून एका रेषेत पुन्हा कापून घ्यावं लागतं. स्वतः वेल्डिंग करून ग्राइंडरने गोल करायचा प्रयत्न करू नका, दोन कानांची रेष चुकते आणि पिन आत जातच नाही.

बकेटपेक्षा बूमच्या पायथ्याचा आणि स्विंग पोस्टचा ढिलेपणा जास्त महत्त्वाचा. पायथ्याची बैठक १५० मिमी रुंद आहे आणि तिथे एक मिलिमीटर आडवा खेळ आहे असं धरा, तर तीन मीटर लांबच्या बकेटच्या टोकाला तो २० मिमी होतो. बकेटच्या पिना नव्या टाकूनही चराची कड वाकडीतिकडी येते, ती यामुळेच. म्हणून सुरुवात पायथ्यापासून करा, टोकाकडे नंतर या.

नवा बुश हातोड्याने ठोकू नका, तो तिरका बसतो आणि तडकतो. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, बुशाच्या घराला बाहेरून हाताला चटका बसेल इतकं गरम करा, मग जाड चुड्यांचा रॉड, दोन प्लेटी आणि नट वापरून ओढून बसवा. बुशाचं ग्रीसचं भोक निपलच्या वाटेसमोर आलं पाहिजे. बसवण्याआधी खूण करा, नंतर फिरवता येत नाही. कडेचा खेळ शिमने (पातळ चकत्यांनी) एक मिलिमीटरच्या आत आणा. पिना घडवून घेणार असाल तर मिश्र पोलाद आणि वरचा थर कडक केलेला हवा. बाजारातल्या साध्या गोल सळईची पिन लवकर वाकते आणि बुशालाही खाते.

वेल्डिंग तुम्हाला जमतं, म्हणून एक खास सूचना. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, त्याच तुकड्यावर लावा. प्रवाह पिनांमधून किंवा स्लूइंग बेअरिंगमधून गेला तर आत ठिणग्यांचे चट्टे पडतात. रॉडच्या क्रोमवर ओला कपडा टाका, एक शिंतोडा पडला तरी सील फाटतं. तड्याच्या टोकांना ४ मिमी भोक पाडा, तडा मुळापर्यंत व्ही आकारात कोरा, आणि सुक्या, गरम केलेल्या ७०१८ रॉडने भरा. तेल असलेल्या सिलिंडरवर किंवा टाकीवर वेल्डिंग कधीही नाही.

चेन बदलायची असेल तर आकार आतल्या बाजूला छापलेला असतो. २३० x ४८ x ६६ असं लिहिलं असेल तर रुंदी २३० मिमी, दोन कड्यांमधलं अंतर ४८ मिमी आणि कड्या ६६. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. झिजलेल्या टोकदार स्प्रॉकेटवर नवी चेन टाकू नका, तिच्या कड्या उड्या मारतात आणि आतली पोलादी तार तुटते.

काम सुरू केल्यावर दर आठ-दहा तासांनी सगळ्या पिनांना एनएलजीआय २ चं ईपी ग्रीस द्या, जुनं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत. रिटर्न फिल्टर पहिल्या ५० तासांनंतर बदला आणि कापून आत काय साठलंय ते बघा. तुमच्या उतारावर चढताना डोझर ब्लेड चढाच्या दिशेला, आर्म पुढे लांबवून बकेट जमिनीपासून फूटभर वर, आणि सीटबेल्ट कायम लावलेला. जुन्या यंत्राचं छत्र नुसतं उन्हापुरतं असू शकतं. ते उलटण्यापासून संरक्षण देणारं आहे का, हे त्याच्यावरच्या प्लेटवर लिहिलेलं असतं. ती प्लेट नसेल तर आडव्या उतारावर यंत्र चालवू नका, सरळ वर किंवा सरळ खालीच न्या.